हे ‘मग’ म्हणत नाहीत

माझ्या वहिनींना कुणी किती वाजले विचारलं, तर त्या घड्याळ कुणी आणि कशासाठी घेतलं तिथून सुरुवात करतात. ही चेष्टा माझी. तीस वर्षं मी ती पाहुण्यांसमोर, शेजाऱ्यांसमोर आणि त्यांच्या तोंडावरही करत आलो. त्या रागवायच्या नाहीत. “घड्याळ काय आपोआप भिंतीवर आलं का, भाऊजी?” एवढं विचारायच्या आणि पुढचं सांगायला लागायच्या. नमनालाच घडाभर तेल, असं मी म्हणायचो. आता ते आठवलं की माझी मलाच चीड येते.

मी स्वतः याच्या अगदी उलटा. छत्तीस वर्षं वीज खात्याच्या तक्रार खिडकीवर बसलो. दिवसाला शंभर-दीडशे माणसं यायची आणि प्रत्येकाला वाटायचं, साहेबांनी आपलं गाऱ्हाणं पहिल्यापासून ऐकावं. “साहेब, त्याचं काय झालं, परवा माझी मेव्हणी आली होती...” मेव्हणीपाशीच मी हात वर करायचो. “एका वाक्यात सांगा. वीज गेलीय, मीटर बिघडलंय, की तार तुटलीय?” माणसं गडबडायची, पण सांगायची. आमच्या कचेरीत सगळ्यांत भरभर हलणारी रांग माझी होती आणि मला त्याचा गर्व होता. घरातल्या लहानथोरांनाही मी पढवून ठेवलं होतं, खिडकीवर गेलात की एक वाक्य बोलायचं. जास्त बोललात की समोरचा ऐकायचं बंद करतो.

दादा माझा थोरला भाऊ. त्याचं इस्त्रीचं दुकान आहे. दुकान म्हणजे दोन इमारतींमधल्या बोळाच्या तोंडाशी एक पत्र्याचं छप्पर, खाली लांबरुंद टेबल, टेबलावर दुहेरी घोंगडी, तिच्यावर पांढरी चादर, आणि मागे कपडे ठेवायच्या चार फळ्या. इस्त्री जुनी, जड, तळव्याला घासून घासून आरशासारखी झालेली. गिऱ्हाइकं त्याला ‘कडक’ म्हणायची, त्याच्या इस्त्रीवरून. स्वभावानं तो लोण्याहून मऊ आणि अबोल. दिवसभरात मोजून वीस शब्द बोलत असेल, आणि त्यात पंधरा वेळा एकच शब्द. तो शब्द म्हणजे ‘मग’.

ते असं व्हायचं. वहिनी सकाळी दोन्ही इमारतींत फिरून कपडे गोळा करून आणायच्या आणि टेबलाच्या कडेला बसून एकेक कपडा दादाच्या हातात द्यायच्या. देताना तो कुणाचा ते सांगायच्या, आणि त्यांचं सांगणं म्हणजे काय ते मी वर लिहिलंच आहे. “हा शर्ट चौथ्या मजल्यावरच्या मास्तरांचा. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी रोज पांढराच घालतात आणि बाल्कनीत बसतात. बायको म्हणते, अहो रंगीत घाला की एखादा...” दादा इस्त्री फिरवत म्हणायचा, “मग?” “मग काय, मास्तर म्हणाले, फळा काळा असतो म्हणून मास्तर पांढरा घालतो.” “मग?” “बायको म्हणाली, फळा राहिला शाळेत.” गोष्ट संपेपर्यंत शर्टाची घडी झालेली असायची. पुढचा कपडा, पुढची गोष्ट.

या दुकानात कपड्यांवर कधी खूण घातली गेली नाही. चिठ्ठी नाही, दोरा नाही, शाईचा ठिपका नाही. संध्याकाळी वहिनी गठ्ठे घेऊन निघायच्या आणि प्रत्येक कपडा बरोबर त्याच्या दारात जायचा, कारण त्या कपड्याबरोबर त्याची गोष्ट त्यांच्या डोक्यात असायची. मी एकदा शहाणपण शिकवायला गेलो होतो. घरांना नंबर दिले, तक्ता केला, चिठ्ठ्या टाचल्या. पहिल्याच आठवड्यात एक चादर आणि एक विजार भलत्याच घरी गेली. दादा हसून म्हणाला होता, “साहेब, तुमचा नंबर चुकला. तिची गोष्ट चुकत नाही.” तो मला साहेबच म्हणायचा. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते काही खोटं नाही.

ही एवढी पार्श्वभूमी मी सांगतोय, म्हणजे मलाही वहिनींचाच गुण लागला म्हणायचा.

तो दिवस मंगळवार होता. मला दुकानातून फोन आला तेव्हा दहाला दहा मिनिटं कमी होती. फोन शेजारच्या किल्लीवाल्याचा. “तुमच्या भावाला भाजलंय, या लवकर.” मी रिक्षा केली आणि पोचलो. दादा स्टुलावर बसला होता. डाव्या हातावर, मनगटाच्या वर, तळहाताएवढी कातडी लाल होऊन वर आली होती. टेबलावर मास्तरांचा पांढरा शर्ट होता, आणि त्याच्या पाठीवर इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग. दादाच्या हातून कपडा जळलेला मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. तोही त्या शर्टाकडेच बघत होता, आणि मला वाटलं, त्याला लाज वाटतेय. म्हणून मी त्याच्याशी फार बोललो नाही.

वहिनी रिक्षात सांगायला लागल्या. “भाऊजी, सकाळी आठ वाजता शर्टाची बटणं लावत होते, तर वरचं बटण काही लागेना. मी म्हटलं, काज लहान झालं का, तर...”

“वहिनी,” मी म्हणालो, “आत्ता भाजल्याचं बघू. बटणाचं नंतर.”

त्यांनी दादाचा भाजलेला हात सावरून धरला.

रुग्णालयाच्या तातडीच्या विभागाला आम्ही दहा वाजून वीस मिनिटांनी पोचलो. वेळ मला पक्की आठवते, कारण आत शिरतानाच समोर भलंमोठं घड्याळ होतं. घड्याळाखाली काचेची खिडकी, खिडकीआड एक गृहस्थ. पेल्यावर बशी झाकलेली, हाताशी आखायची पट्टी, आणि मान खाली. मी आरशात बघावं तसं त्याच्याकडे बघितलं. हा आपल्याच जातकुळीचा, याच्याशी कसं बोलायचं हे आपल्याला ठाऊक आहे, असं वाटून मला चक्क बरं वाटलं.

“काय होतंय?” त्यानं विचारलं.

वहिनी पुढे झाल्या. “साहेब, सकाळी आठ वाजल्यापासून यांचं काहीतरी बिनसलंय. आधी बटण लागेना. मग सव्वानऊला चहाचा पेला...”

त्या माणसाची मान वर आली. चेहऱ्यावरचा कंटाळा मला ओळखीचा होता. छत्तीस वर्षं तो माझ्या चेहऱ्यावर राहायला होता. मी वहिनींच्या खांद्याला हात लावून त्यांना बाजूला केलं आणि म्हणालो, “इस्त्रीनं डावा हात भाजलाय.”

“हां, असं सांगा,” तो म्हणाला.

वहिनी बाजूला झाल्या. मी अर्ज भरून दिला. तक्रारीच्या रकान्यात माझ्या सुवाच्य अक्षरात तेच वाक्य लिहिलं. रुग्णाची सही हवी होती. मी पेन दादाच्या हातात दिलं, ते त्यानं धरलं, आणि ते सुटून खाली पडलं. परत दिलं, परत पडलं. मागे आठ-दहा माणसं उभी होती. “असू दे रे, मी करतो,” म्हणून मी त्याच्या वतीनं सही ठोकली. पेन उजव्या हातातून पडलं होतं. भाजलेला हात डावा होता. हे मला त्या क्षणी दिसायला हवं होतं. दिसलं नाही.

एका नर्सबाईंनी हात बघितला, ओलं फडकं ठेवलं, आणि दादाच्या मनगटाला हिरवी पट्टी बांधली. भिंतीवर तक्ता होता. लाल म्हणजे आत्ता, पिवळी म्हणजे लवकर, हिरवी म्हणजे थांबा. “दुखतंय का काका?” त्यांनी विचारलं. दादानं मान हलवून नाही म्हटलं. “शहाणे आहात,” असं म्हणून त्या पुढे गेल्या. आमचा नंबर सत्तेचाळीस होता आणि तेव्हा एकोणतीस चालू होता.

खुर्च्या एकाला एक जोडून जमिनीत ठोकलेल्या. वर दूरदर्शन संच, आवाज बंद, पडद्यावर कुणीतरी हातवारे करून काहीतरी समजावून सांगत होतं. घोटा मोडलेला एक तरुण समोरच्या भिंतीला टेकून मोठमोठ्यानं कण्हत होता, आणि त्याची आई खिडकीवरच्या माणसाशी भांडत होती. दर थोड्या वेळानं दार धाडकन उघडायचं, स्ट्रेचर आत जायचं, आणि नंबरांची गाडी तिथंच अडायची. दादा सरळ बसला होता, ताठ. उजवा हात मांडीवर उलटा पडला होता, तळवा वर. मी तो दोन तास बघत होतो. नुसता बघत होतो.

साडेअकराच्या सुमाराला त्यांनी अडतीसनंतर एकदम बेचाळीस पुकारला. मी उठलो आणि खिडकीवर जाऊन असा काही तोफखाना डागला की कण्हणारा तरुणही गप्प झाला. एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस कुठे गेले? रांगेचा काही नियम आहे की नाही? मी स्वतः सरकारी नोकरी केलीय, मला शिकवू नका. खिडकीवरच्या माणसानं शांतपणे सांगितलं, की ती तिघं कंटाळून निघून गेली. मी परत येऊन बसलो. रागाचा मोठा वाटा मी असा त्या नंबरांवर उधळला, आणि आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी म्हणतात तो प्रकार मी जन्मात एवढा जवळून बघितला नव्हता.

वहिनी दादाशेजारी बसल्या होत्या. त्याला बरं वाटावं म्हणून हलक्या आवाजात काहीबाही सांगत होत्या. मास्तरांना शर्टाचं कसं सांगायचं, मास्तर काय म्हणतील, मागे त्यांच्या नातवानं शाई सांडली होती तेव्हा ते काय म्हणाले होते. मी अर्धवट ऐकत होतो. मग त्या थांबल्या. थोड्या वेळानं परत तेच वाक्य बोलल्या. परत थांबल्या. आणि माझ्याकडे वळल्या.

“भाऊजी, हे ‘मग’ म्हणत नाहीत.”

मला कळेचना. “काय?”

“मी केव्हाची सांगतेय. तीनदा थांबले. हे ‘मग’ म्हणत नाहीत. सकाळपासून एकदाही म्हणाले नाहीत.”

“वहिनी, त्याचा हात भाजलाय. त्याला तुमच्या गोष्टी ऐकायची इच्छा नसेल. निदान इथं तरी त्याला जरा शांत बसू द्या.”

हे मी म्हणालो. याच शब्दांत म्हणालो. दादाचं न बोलणं मला कधी खटकलंच नाही, कारण तो बोलतो कधी? मी विचारलं की मान हलवायचा, आणि तेवढं मला पुरायचं. पण तो एक शब्द दिवसातून पंधरा वेळा ज्या बाईला ऐकू यायचा, तिला तो नाहीसा झालेला कळला होता. वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मग उठल्या, पदर सारखा केला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला न विचारता एकट्या खिडकीवर गेल्या.

मी बसल्या जागेवरून ऐकत होतो. त्यांनी तोंड उघडलं तेव्हाच तो माणूस म्हणाला, “बाई, एका वाक्यात सांगा. काय होतंय?”

त्यांनी एका वाक्यात सांगितलं. “आमचे हे ‘मग’ म्हणत नाहीत.”

त्यानं त्यांच्याकडे बघितलं, मागच्या नर्सबाईंकडे बघितलं, आणि दोघं हसली. वाईट हसली नाहीत, दमलेली माणसं हसतात तशी हसली. “बाई, आमच्या घरी पण नाही म्हणत,” नर्सबाई म्हणाल्या. “बसा तुम्ही, बोलावतील.” पालथ्या घड्यावर पाणी. वहिनी परत येऊन बसल्या आणि त्यांनी दादाचा उजवा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला. मला शरमल्यासारखं झालं, त्यांच्यामुळे. चार लोकांत हसू केलं असं वाटलं. आता शरम वाटते ती वेगळी.

दीड वाजता नंबर आला. आत पडद्याआड एक तरुण डॉक्टर होता, डोळे तांबारलेले. त्यानं अर्ज वाचला, डावा हात धरून फिरवून बघितला, “फोड फोडू नका,” म्हणाला, मलमपट्टी आणि धनुर्वाताचं इंजेक्शन लिहिलं. वहिनी म्हणाल्या, “डॉक्टर, इस्त्री यांच्या हातून पडली. चाळीस वर्षांत कधी पडली नव्हती.” तो लिहिता लिहिता म्हणाला, “वयानुसार होतं, मावशी. जपून काम करायचं.” सगळं मिळून एक मिनिट लागलं असेल. इंजेक्शनसाठी पुन्हा बाहेर बसायचं. मधे पाळी बदलली, जुन्या नर्सबाई गेल्या, नव्या आल्या, आणि आमचा कागद कुठल्या तरी पॅडखाली राहिला. मी मनात म्हटलं, चला, थोडक्यात आटोपलं.

तीनच्या पुढे केव्हातरी एक डॉक्टरीणबाई कुणाला तरी शोधत बाहेर आल्या. वयानं पन्नाशीच्या, पायात सपाट चपला. त्या आमच्या रांगेवरून पुढे गेल्या आणि मागे आल्या. दादासमोर वाकल्या. “काका, माझ्याकडे बघून हसा बरं.” दादा हसला. त्याच्या तोंडाची डावी बाजू हसली. “दोन्ही हात वर करा.” डावा, भाजलेला हात वर गेला. उजवा मांडीवरून चार बोटं उचलला आणि खाली पडला.

“हे कधीपासून?” त्यांनी विचारलं. आवाज एकदम बदलला होता.

मला माहीतच नव्हतं. वहिनी बोलल्या. पहिल्यापासून बोलल्या. आठ वाजता बटण लागलं नाही, बोटं काजावरून नुसती फिरत राहिली. दुकानात येताना उजव्या पायातली चप्पल दोनदा निघाली आणि त्यांना कळलं नाही. सव्वानऊला चहाचा पेला हातातून घसरला, तेव्हा ते पेल्याकडे असे बघत राहिले, जणू दुसऱ्या कुणाच्या हातून पडला. किल्लीवाल्यानं हाक मारली तर ओ दिली नाही. पावणेदहाला मास्तरांच्या शर्टाची कॉलर डाव्या हातानं धरली होती, उजव्या हातात इस्त्री होती, आणि ती आपोआप सुटून डाव्या हातावर आली आणि तिथून शर्टावर. “आणि यांनी ती उचलली नाही, डॉक्टर. बघत राहिले. शर्ट जळताना बघत राहिले. मी उचलली. आणि सकाळपासून एकदाही ‘मग’ म्हणालेले नाहीत.”

डॉक्टरीणबाई उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. एकदाही त्यांनी मधे हात वर केला नाही. ऐकता ऐकता त्या बोटांवर तास मोजत होत्या. आठपासून मोजायला लागल्या आणि साडेबाराला थांबल्या.

“मेंदूत रक्ताची गुठळी अडकलीय,” त्या म्हणाल्या. “ती विरघळवायचं औषध असतं. पण ते पहिल्या साडेचार तासांत द्यावं लागतं. साडेबाराच्या आत आला असतात तर...”

“आम्ही दहा वाजून वीस मिनिटांनी इथं आलोय,” मी म्हणालो.

त्यांनी दादाच्या मनगटावरची हिरवी पट्टी बघितली. खिडकीवरून कागद मागवला, वाचला. “तुम्ही हे कुणाला सांगितलं नाही, मावशी?”

“सांगत होते,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही हे मला कळलं, आणि त्यांनी बघितलं असतं तर बरं झालं असतं. मग धावपळ झाली. स्ट्रेचर आलं, लाल पट्टी आली, दार धाडकन उघडलं आणि आमच्या तोंडावर बंद झालं. वरातीमागून घोडं.

दादा वाचला. सतरा दिवसांनी घरी आला. पाय ओढत का होईना चालतो. उजवा हात मात्र गेला. बोटं मिटलेली असतात, ती डाव्या हातानं उघडावी लागतात. बोलणंही गेलं, एका शब्दाखेरीज. दीड महिन्यानं एका दुपारी वहिनी वाढत असताना तो ‘मग’ म्हणाला. सगळे आनंदलो. मी पेढे वाटायचाच बाकी होतो. नंतर कळलं की तो एवढंच म्हणू शकतो. पाणी हवं असलं तरी ‘मग’, दार लावायला सांगायचं असलं तरी ‘मग’.

मी तक्रार केली. छत्तीस वर्षं लोकांच्या तक्रारी घेतल्या होत्या, एक स्वतः लिहिली. साडेचार पानं लिहिली, बटणापासून. दोन महिन्यांनी उत्तर आलं, चार ओळींचं. ‘नोंदीनुसार नातेवाइकाने इस्त्रीने डावा हात भाजल्याची तक्रार नोंदवली होती. त्यानुसार योग्य ते उपचार करण्यात आले. अन्य कोणतेही लक्षण खिडकीवर सांगण्यात आलेले नाही.’ सोबत अर्जाची प्रत जोडली होती. तक्रारीच्या रकान्यात माझं सुवाच्य अक्षर, खाली दादाच्या नावानं मी केलेली सही. मी ते पत्र कुणाला दाखवलं नाही. संतापानं फाडलंही नाही. त्यांनी दादाला पाच तास तिथं बसवून ठेवलं, एकानंही त्याला हात वर करायला सांगितलं नाही, एका बाईचं बोलणं हसण्यावारी नेलं. ते चुकले, हे मी मरेपर्यंत म्हणणार. पण त्यांच्या खिडकीवर जायच्या आधी वहिनींना एक खिडकी लागली होती, आणि तिच्यात मी बसलो होतो.

आता दुकान वहिनी चालवतात. इस्त्री त्याच करतात. दादा स्टुलावर बसतो, पूर्वी जिथे त्या बसायच्या तिथे, आणि डाव्या हातानं एकेक कपडा पुढे करतो. कपडे गोळा करायला मी जातो. निवृत्त माणसाला दुसरं काम काय? पहिल्या दिवशी मी गाठोडं आणून टेबलावर ठेवलं, तेव्हा वहिनींनी खणातून टाचण्यांची डबी आणि कागदाच्या चिठ्ठ्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. “नंबर घाला, भाऊजी,” म्हणाल्या. “इमारत, मजला, दार. तुमचा तो तक्ता होता ना, तोच काढा.” मी म्हटलं, वहिनी, चिठ्ठ्या कशाला, तुमच्या लक्षात राहतं की सगळं. त्या म्हणाल्या, “नको. सुटसुटीत बरं.”

कपडे आता चुकत नाहीत. मी जातीनं लक्ष घालतो. गिऱ्हाइकं म्हणतात, बाई फार शिस्तीनं काम करतात. वहिनी दिवसाला मोजून वीस शब्द बोलत असतील. मी त्यांना कितीदा म्हणालो, “वहिनी, सांगा ना काहीतरी.” त्या म्हणतात, “काय सांगायचं?” आणि मला खरंच ठाऊक नाही की काय सांगायचं असतं.

काल सकाळी दादानं गाठोड्यातून एक पांढरा शर्ट काढला. वहिनींपुढे धरला, पण सोडला नाही. डाव्या हातात घट्ट धरून बसला आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला.

वहिनींनी चिठ्ठी वाचली. “पहिली इमारत, चौथा मजला, दोन नंबर.”

“मग?” दादा म्हणाला.

त्यांनी शर्ट त्याच्या हातातून हळूच सोडवून घेतला, टेबलावर पसरला, कॉलरवर पाणी शिंपडलं. इस्त्री फिरू लागली.

“मग?” दादा परत म्हणाला.

वहिनी खाली मान घालून काम करत होत्या. त्यांचे ओठ हलले असं मला वाटलं, पण शब्द आला नाही. मला राहवलं नाही. मी स्टूल पुढे ओढलं, त्याच्यासमोर बसलो आणि म्हणालो, “दादा, हा मास्तरांचा शर्ट आहे.”

दादा माझ्याकडे वळला. त्याच्या तोंडाची डावी बाजू हसली.

“मग?” त्यानं मला विचारलं.

रोज सकाळी मास्तरांच्या दारातून कपडे मीच आणतो. कपडे द्या म्हणतो, घेतो आणि निघतो. फळ्याची गोष्ट त्यानं कधीच ऐकलेली, आणि माझ्याकडे पुढचं काहीच नव्हतं.